पियानो कोणत्याही वयात: शिक्षकासमोर एकट्याने बसून शिकण्याबद्दल

प्रश्न: माझं वय ५६. आजवर कुठलंच वाद्य हातात घेतलेलं नाही, पण पियानो शिकायची मनापासून इच्छा आहे. ७ वर्षांची नातही मागे लागली आहे. या वयात बोटं वळतील का? अ‍ॅप आणि व्हिडिओ असताना शिक्षकाकडे एकटीने जायची गरज आहे का? दोघींनी एकत्र शिकावं की वेगवेगळं? घरी कोणतं वाद्य घ्यावं आणि रोज किती सराव करावा?

उत्तर:

बोटं वळतील. सर्वांत जास्त लोक याच शंकेपाशी अडून बसतात, म्हणून तिचं उत्तर आधी देते. पियानोची पट्टी दाबायला साधारण ५० ग्रॅम वजन पुरतं आणि ती जेमतेम १० मिलिमीटर खाली जाते. ताकदीचा प्रश्न येतच नाही. बोटं वळवणारे मोठे स्नायूसुद्धा बोटांत नसतात. ते कोपर आणि मनगट यांच्या मधल्या भागात असतात आणि लांब कंडरांनी बोटं ओढतात. इतकी वर्षं तुम्ही याच हातांनी सुईत दोरा ओवला, बटणं लावली, अक्षर काढलं. पियानोला याहून नाजूक हालचाल लागत नाही. अवघड आहे ते दोन्ही हातांना एकाच वेळी निरनिराळी कामं सांगणं, त्याच वेळी डोळ्यांनी समोरचं वाचणं आणि कानांनी ऐकत राहणं. याची घडी छपन्नाव्या वर्षीही बसते. फक्त ती घाईने बसत नाही, आणि चुकीची बसली तर मोडायला फार त्रास होतो. शिक्षक लागतो तो इथे.

क्लास आठवड्यातून एकदा, पाऊण तासाचा. तेवढ्या वेळात कुणाला काही वाजवता येऊ लागत नाही. बोटांना जे येतं ते उरलेल्या सहा दिवसांत, घरी. म्हणून मी क्लासकडे आठवड्याचा सराव ठरवायची जागा म्हणून बघते: काय घ्यायचं, कुठून कुठपर्यंत, कोणत्या बोटांनी, किती हळू, आणि नीट झालं की नाही हे तुमचं तुम्ही कसं ओळखायचं. हे ठरवायला शिक्षकाला तुमचा हात बघावा लागतो, आणि दहा जणांच्या वर्गात एकेकाच्या हाताकडे तेवढं लक्ष जात नाही.

एक उदाहरण सविस्तर सांगते, म्हणजे ‘हात बघणं’ म्हणजे काय ते कळेल. पन्नाशी ओलांडलेले एक विद्यार्थी एका सोप्या रचनेत दर वेळी पाचव्या बारपाशी (बार म्हणजे कागदावर उभ्या रेघांनी वेगळा केलेला मात्रांचा एक कप्पा) अडखळायचे. त्यांचं म्हणणं, तिथले सूर अवघड आहेत. सूर अजिबात अवघड नव्हते. तो बार सुटा वाजवायला सांगितला की ते सहज वाजवत. मग मी शेजारी बसून पट्ट्यांऐवजी त्यांच्या डोळ्यांकडे बघितलं. चौथ्या बारच्या शेवटी डाव्या हाताला एक उडी होती, ती नीट पडावी म्हणून ते मान खाली घालत. उडी बरोबर पडे, पण मान वर केल्यावर कागदावरची ओळ सापडेना. अडखळण्याचं कारण चौथ्या बारमध्ये होतं, तेही डोळ्यांत. उपाय असा केला: ती एक उडी पाठ करायची, मान न हलवता फक्त नजर खाली न्यायची आणि परत आल्यावर कुठे बघायचं तिथे पेन्सिलीने एक उभी रेघ मारायची. आठवडाभरात अडथळा गेला. अ‍ॅपने पाचव्या बारचे सूर लाल दाखवले असते आणि तोच बार पुन्हा पुन्हा घोटायला लावला असता. मी अ‍ॅपच्या विरोधात नाही. सूर ओळखायला आणि तालाचा सराव करायला ती बरी असतात. पण कोणती पट्टी कधी दाबली एवढंच त्यांना कळतं. खांदा वर गेलाय, श्वास रोखून धरलाय, करंगळी ताठ झालीय, यातलं काही त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

आता पियानोच्या पोटात काय चालतं ते थोडं सांगते, कारण पुढचं बरंच काही त्यावर उभं आहे. १७०० च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी यांनी हे वाद्य घडवलं. त्याआधीच्या हार्प्सिकॉर्डमध्ये तार छेडली जायची; बोट हळू लावा की जोरात, आवाज जवळपास तेवढाच. क्रिस्तोफोरी यांनी तारेवर आदळणारी हातोडी बसवली आणि आदळल्यावर ती लगेच सुटून मागे येईल अशी योजना केली. पट्टी खाली जाताना हातोडी तारेकडे फेकली जाते आणि शेवटचं थोडंसं अंतर ती स्वतःच्या वेगाने जाते. त्या क्षणानंतर बोटाने कितीही दाबलं तरी त्या सुरात काही फरक पडत नाही. तुमच्या हाती राहतं ते हातोडीचा वेग, पट्टी कधी सोडायची, आणि सूर घुमत ठेवणारं पायातलं पेडल. ऐकताना जे हळवं, खणखणीत किंवा घुमणारं वाटतं, ते सगळं एवढ्यातूनच येतं.

म्हणूनच सूर वाजून गेल्यावरही पट्टी तळाशी रेटत राहणं ही नवशिक्यांची सर्वांत खर्चिक सवय आहे. त्या दाबाचा उपयोग शून्य आणि थकवा पुरेपूर. हार्मोनियम वाजवलेल्या मंडळींना तर हे मुद्दाम सांगावं लागतं. तिथे भाता चालू असेतो सूर टिकतो, आवाज कमीजास्त होतो तो भात्याने. पियानोचा सूर उमटल्या क्षणापासून विरत जातो. त्यामुळे पुढचा सूर किती हलका लावायचा हे आधीचा किती विरला ते ऐकून ठरवावं लागतं. हे ऐकणं पुस्तकातून येत नाही. शिक्षक तोच तुकडा तुमच्या शेजारी बसून दोन तऱ्हांनी वाजवून दाखवतो, तेव्हा फरक कानाला कळतो, आणि कानाला कळला की हात आपोआप तसा वळू लागतो.

वयाप्रमाणे काय बदलतं? नातीपासून सुरू करते. सातव्या वर्षी सुरुवात करायला काहीच हरकत नाही. अर्ध्या तासाचा क्लास पुरे, त्यातही दर पाच-सात मिनिटांनी काम बदललं पाहिजे: थोडं वाजवणं, थोडं टाळ्यांनी ताल धरणं, थोडं गाऊन दाखवणं, थोडं वाचणं. पियानोच्या एका सप्तकाची रुंदी सुमारे १६.५ सेंटिमीटर असते. तेवढा पंजा तिचा अजून उघडणार नाही आणि तो उघडायला लावूही नये. पाच बोटांखाली येणाऱ्या पाच पट्ट्यांत खूप सुंदर संगीत आहे. हंगेरियन संगीतकार बेला बार्तोक यांनी १५३ छोट्या रचनांची सहा भागांची मालिका लिहिली, तिची सुरुवात अशीच पाच सुरांपासून होते आणि पहिले दोन भाग त्यांनी आपल्या लहान मुलाला, पेटरला अर्पण केले आहेत. मुलांचे पाय जमिनीला टेकत नसतील तर खाली पाट किंवा स्टूल हवंच. लटकत्या पायांनी बसलेलं मूल तोल सांभाळायला कंबर आणि खांदे आवळून घेतं, आणि तो ताण थेट बोटांत उतरतो. घरच्यांनी पहिले काही महिने क्लासला मागे बसावं, काय सांगितलं ते लिहून घ्यावं आणि घरी फक्त आठवण करून द्यावी. प्रत्येक चुकीवर स्वयंपाकघरातून हाक मारली की मूल चूक लपवायला शिकतं.

मोठ्या माणसाचं गणित निराळं. तुम्हाला समज आधी येते, हात मागून येतात. कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) म्हणजे काय, स्केल (सुरांची क्रमवार मालिका) कशी बनते, हे तुम्ही पहिल्या महिन्यात समजून घ्याल आणि मग हात ऐकत नाही म्हणून चिडाल. आयुष्यभर चांगलं संगीत ऐकलेलं असल्यामुळे स्वतःचं वाजवणं कानाला खुपतं. बरेच मोठे विद्यार्थी तिसऱ्या-चौथ्या महिन्यात सोडतात ते याच खुपण्यामुळे. बोटांना दोष उगाच देतात. चांगला शिक्षक अशा वेळी अवघड तुकडा बाजूला ठेवून चारच सुरांची एखादी ओळ घेतो आणि ती खरोखर सुरेल वाजेपर्यंत सोडत नाही. आपल्या हातून एक ओळ तरी मनाजोगी निघाली, हे माणसाला पुढे रेटायला पुरतं.

पन्नाशीनंतर दोन गोष्टी मी पहिल्याच दिवशी विचारते. एक म्हणजे चष्मा. जवळचं वाचायचा चष्मा हातातल्या पुस्तकाच्या अंतरासाठी केलेला असतो आणि पियानोवरचा कागद त्याहून बराच लांब असतो. बायफोकल घातलेला माणूस मग हनुवटी वर करून वाचतो आणि मान धरली म्हणून क्लास सोडतो. बाक ते कागद हे अंतर मोजा आणि चष्मा करताना तो आकडा सांगा. कंप्युटरसाठीचा चष्मा बहुतेकांना चालून जातो. दुसरं, अंगठ्याच्या मुळाशी दुखतं का? तिथला सांधा वयानुसार झिजतो. असं असेल तर मोठे पल्ले टाळायचे, चार सुरांची कॉर्ड एकदम न दाबता खालून वर उलगडत वाजवायची, थंडीत आधी हात कोमट पाण्यात धरायचे. दुखलं की थांबायचं. मुंग्या किंवा बधिरपणा आला तर डॉक्टरांना दाखवायचं, ‘सरावाने जाईल’ म्हणायचं नाही. अनामिका इतर बोटांसारखी उंच उचलत नाही म्हणून तिच्याशी झगडू नका. तिच्या कंडरा हाताच्या पाठीवर शेजारच्या बोटांच्या कंडरांशी जोडलेल्या असतात, ती तरुण हातातही तेवढी सुटी होत नाही. मनगट किंचित त्या बाजूला वळवलं की तिला लागेल तेवढा आधार मिळतो.

दोघींनी क्लास वेगवेगळा घ्या, शिक्षक एक असला तरी चालेल. तुमचा आणि तिचा वेग पहिल्या दिवसापासून निराळा असेल. वाचनात आणि समजुतीत तुम्ही पुढे जाल, पाठांतरात आणि बिनधास्त वाजवण्यात ती. एकत्र बसलात तर दोघी एकमेकींकडे बघत बसाल. मात्र घरी एकाच पियानोवर चार हातांनी वाजवायच्या सोप्या रचना जरूर घ्या. साथीदार थांबत नाही म्हटल्यावर लय आपसूक सांभाळली जाते.

सरावाबद्दल मात्र मला सर्वांत जास्त बोलायचं आहे. रोज २० ते ३० मिनिटं. नातीला १०-१० मिनिटं दोनदा. रविवारी सलग दोन तास बसून आठवड्याची भरपाई होत नाही, कारण बोटांनी दिवसा केलेलं काम झोपेत पक्कं होतं आणि रविवारच्या दोन तासांना एकच रात्र मिळते. क्लास झाला की त्याच दिवशी दहा मिनिटं तरी बसा. शिक्षकाने सांगितलेलं कानात ताजं असतं, दुसऱ्या दिवशी त्यातलं निम्मं गेलेलं असतं.

बसल्यावर काय करायचं? बहुतेक लोक रचना पहिल्या सुरापासून सुरू करतात, चूक झाली की पुन्हा पहिल्यापासून. असं केल्याने पहिली ओळ गुळगुळीत होते, शेवटची ओळ कच्चीच राहते आणि मधल्या चुका चुकांसकट पाठ होतात. त्याऐवजी दोन बारचा तुकडा घ्या. उजवा हात, मग डावा, मग दोन्ही, पण इतक्या हळू की चूक करायला जागाच राहू नये. तीन वेळा बिनचूक झालं की तो तुकडा सोडा, दुसरं काहीतरी वाजवा आणि पाच मिनिटांनी परत या. परत आल्यावर पहिल्याच झटक्यात बरोबर आला तर तो येतोय. आला नाही तर मघाशी हात नुसता चालत होता. रचनेचा शेवट आधी शिका, म्हणजे वाजवताना तुम्ही कायम ओळखीच्या भागाकडे जात राहता. आणि शेवटची पाच मिनिटं दुरुस्ती पूर्ण बंद: काहीही चुकलं तरी न थांबता शेवटपर्यंत वाजवायचं. दुरुस्त करणं आणि वाजवणं ही दोन निराळी कौशल्यं आहेत, दुसऱ्याचा सराव कुणी करत नाही आणि मग चार माणसांसमोर बसलं की पहिल्या चुकीला गाडी थांबते.

कुठल्या सुराला कोणतं बोट हे एकदा ठरलं की रोज तेच. अंगठा १, करंगळी ५, दोन्ही हातांत. एकच तुकडा आज एका बोटांनी, उद्या दुसऱ्या बोटांनी वाजवला तर हाताला दर दिवशी नवी वाट शिकावी लागते. आकडे पेन्सिलीने लिहा, पण प्रत्येक सुरावर नको, फक्त हात जागा बदलतो तिथे. सुरांची नावंही कागदावर लिहू नका. लिहिली की डोळा नावं वाचतो, सूर वाचत नाही. मिडल सी, म्हणजे पट्ट्यांच्या साधारण मधला सी सूर, पक्का करा. वरच्या सुरांच्या ओळीच्या सुरुवातीला असलेल्या खुणेचं, ट्रेबल क्लेफचं, वेटोळं ज्या रेषेभोवती फिरतं ती जी, खालच्या सुरांच्या खुणेचे, बास क्लेफचे, दोन ठिपके ज्या रेषेच्या वर-खाली असतात ती एफ. या तीन खुणांपासून पुढचा सूर वर गेला की खाली, शेजारी गेला की एक सोडून, असं वाचत जा. सहा महिन्यांत वाचन सुरळीत होतं.

मेट्रोनोम (ठरावीक लयीत टकटक करणारं यंत्र) तुकडा बसल्यावर लावा, शिकताना नको. पेडल पहिले काही महिने नकोच. आणि घ्याल तेव्हा सूर वाजल्यावर पाय खाली जायला हवा, सुरासोबत नाही. सोबत गेला की आधीची कॉर्ड नवीन कॉर्डमध्ये मिसळते आणि सगळं गढूळ ऐकू येतं.

वाद्याबद्दल थोडक्यात. सुरुवातीला ८८ पट्ट्यांचा, हॅमर अ‍ॅक्शनच्या, म्हणजे खऱ्या पियानोच्या हातोडीसारखं वजन बोटाला जाणवणाऱ्या पट्ट्यांचा डिजिटल पियानो पुरेसा आहे. हेडफोन लावता येतो, त्यामुळे रात्रीही सराव होतो. हलक्या पट्ट्यांच्या ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर शिकलेला हात खऱ्या पियानोवर बावचळतो, तो टाळलेला बरा. स्टँड घट्ट हवा, बाक उंची बदलणारं हवं: कोपर पट्ट्यांच्या पातळीला किंवा किंचित वर. खरा पियानो परवडत असेल आणि जागा असेल तर अवश्य घ्या, पण त्यात २०० हून जास्त तारा कित्येक टनांच्या ताणावर ओढलेल्या असतात आणि हवेतला दमटपणा कमीजास्त झाला की त्या बेसूर होतात. वर्षातून एकदा-दोनदा ट्यूनिंग करून घ्यावंच लागतं. बेसूर वाद्यावर कान बिघडतात, विशेषतः नातीचे.

जवळ शिक्षक नसेल तर ऑनलाइन एकास-एक क्लासही चांगला चालतो. कॅमेरा बाजूने लावा, मनगट आणि कोपर दिसलं पाहिजे. समोरून नुसता चेहरा दिसून उपयोग नाही. व्हिडिओ कॉलचं सॉफ्टवेअर पियानोचा विरत जाणारा सूर गोंगाट समजून कापतं, म्हणून आवाजाच्या सेटिंगमध्ये मूळ आवाज जसाच्या तसा पाठवायचा पर्याय चालू करा. एकत्र वाजवणं मात्र त्यावर जमत नाही, आवाज पोचायला उशीर होतो. शक्य असेल तर अधूनमधून प्रत्यक्ष भेटा.

शिक्षक निवडताना एक क्लास चाचणी म्हणून घ्या आणि काही गोष्टी बघा. पहिल्या दहा मिनिटांत तुमच्या हाताने काहीतरी वाजवलं गेलं का? शिक्षक कागदाकडेच बघत होते की तुमच्या खांद्यांकडेही? त्यांनी स्वतः वाजवून दाखवलं का? आणि निघताना उद्या सकाळी नेमकं काय करायचं ते तुम्हाला माहीत होतं का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल तर ते वादक कितीही मोठे असोत, दुसरं दार बघा. मोठ्या वयाच्या नवशिक्यांना शिकवलंय का, हेही सरळ विचारा. उत्तम बालशिक्षकही मोठ्यांच्या हातापुढे कधी कधी गोंधळतात.

परीक्षांची सक्ती मानू नका. एबीआरएसएम, ट्रिनिटी या ब्रिटिश संस्थांच्या संगीत परीक्षांत ८ श्रेणी असतात आणि ज्यांना टप्पा समोर असला की हुरूप येतो त्यांना त्या उपयोगी पडतात. पण वर्षभर परीक्षेच्या तीन-चार रचनांपलीकडे काहीच न वाजवणारे विद्यार्थी दिसतात तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. प्रमाणपत्र हातात असतं आणि नवीन पान समोर ठेवलं की वाचता येत नाही.

आणि किती दिवसांत काय येईल? रोज अर्धा तास दिलात तर दोन-तीन महिन्यांत दोन्ही हातांनी साधी धून, वर्ष-दीड वर्षात जुन्या युरोपीय नाचांच्या चालीवरच्या छोट्या रचना. बेथोवेनची ‘फ्यूर एलीझ’ जवळपास प्रत्येक मोठ्या विद्यार्थ्याच्या मनात असते. तिचा सुरुवातीचा भाग तुम्ही दुसऱ्या वर्षात वाजवाल, पण मधले दोन भाग त्याहून खूप अवघड आहेत. पूर्ण रचनेला तीन-चार वर्षं धरा. तोपर्यंत फक्त पहिला भाग वाजवण्यात काही कमीपणा नाही. तो पूर्ण वाटावा असाच लिहिलेला आहे.

पहिल्या क्लासला जाताना नखं कापून जा, बोटाचं टोक पट्टीला लागलं पाहिजे. अंगठ्या काढून ठेवा, चष्मे असतील तेवढे सगळे घेऊन जा, एक मऊ पेन्सिल आणि खोडरबर न्या. नातीची वेळ शाळा सुटल्यावर लगेच ठेवू नका, तिला तासभर खेळू द्या. आणि शिक्षकांना पहिल्याच भेटीत सांगून टाका की तुम्हाला कोणती रचना वाजवायची आहे, ती कितीही लांबची असली तरी.